गोड्या विहिरीचा प्रश्न

“जीभ काढ.”

शाळा तपासायला आलेल्या डिप्टी साहेबांनी सांगितलं आणि मी काढली. नुसती काढली नाही, पार हनुवटीपर्यंत लोंबवली. मला वाटलं, देवीची लस टोचायला सरकारी माणूस येतो तसलं काही असेल. साहेबांनी छडी पुढं केली. तिच्या टोकानं जीभ दाबली, डावीकडे सारली, उजवीकडे सारली. बैलबाजारात खोंडाचे दात बघतात तसं. मग वर्गाकडे तोंड करून म्हणाले, “चूक ह्याची नाही. जीभच बिघडलेली आहे. काय काय खातात ही माणसं, कोण जाणे.”

वर्ग हसला. मीही हसलो. जीभ बाहेर ठेवून हसलो. सगळे हसताहेत म्हणजे आपलं काहीतरी चांगलं झालं असणार, असा माझा हिशेब. हिशेबात मी पहिल्यापासून कच्चा.

प्रश्न साधा होता. पाण्याची चव कशी असते? पुस्तकात लिहिलं होतं की पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. पुस्तक वर्गात एकच होतं आणि ते गुरुजींच्या पेटीत असायचं. आम्ही महारवाड्यातली पोरं दाराबाहेर, पायरीवर बसायचो. पेटीतलं पुस्तक पायरीपर्यंत यायचं नाही. पण पाणी मी रोज पीत होतो, म्हणून सगळ्यात आधी हात मीच वर केला.

“खारी, साहेब.”

खोटं काय सांगितलं? तेल्हाऱ्याहून पूर्णा नदीकडे उतरत गेलं की सगळा खारपाणपट्टा. काळी माती, वर कापूस, खाली मीठ. विहीर खणा, खारं. अजून खणा, जास्त खारं. त्या पाण्यात साबण फेसाळत नाही, तुरीची डाळ शिजत नाही, आणि पाहुणा आला की पहिल्या घोटाला त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. कुठं नाल्याकाठी एखादी गोडी विहीर लागायची. ज्याच्या शेतात लागली त्याचं नशीब. ती आमच्यापैकी कोणाच्या शेतात लागायचा सवाल नव्हता, कारण आम्हाला शेतच नव्हतं.

जीभ तपासून झाल्यावर साहेबांना तहान लागली. पाटलाच्या वाड्यातून तांब्याच्या लोट्यात पाणी आलं. गोडं. साहेब प्याले आणि डोळे मिटून म्हणाले, “वा.”

चव नसलेल्या पाण्याला वा.

घरी आईनं विचारलं, “काहून रे, जीभ सुजली कशी?”

“सायबानं तपासली.”

“मंग काय निंघालं?”

“खराब हाये म्हने.”

आई चुलीत फुंकत होती. फुंकणं थांबवून म्हणाली, “त्याले म्हना, आपल्या इहिरीचा एक लोटा पे. मंग त्याची काढ म्हना भायेर.” आणि मला तेच खारं पाणी दिलं. दुसरं होतंच कुठं?

त्या वर्षी मी शास्त्रात नापास झालो. पुढच्या वर्षी मी ते वाक्य पाठ केलं. पाणी चवहीन असते. आणि संध्याकाळी आईनं पाणी दिलं की पिताना तोंड वाकडं करायला लागलो. शिकलेला माणूस झालो म्हणायचं.

मास्तर व्हायला अमरावतीला नॉर्मल स्कुलात गेलो. आमच्या पोरांच्या वसतिगृहात राहायचो आणि राजापेठेत एका खाणावळीत जेवायचो. पहिल्या दिवशी जेवता जेवता नळाचं पाणी प्यालो आणि पेला खाली ठेवला. काहीतरी बिघडलं होतं. पुन्हा प्यालो. तोंडात काही येतच नव्हतं. मी खाणावळवाल्याला बोलावलं आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच सांगितलं, “भाऊ, पानी उतरलं वाटते तुमचं. जरा मीठ द्या.”

“मीठ? पान्यात?”

“चिमूटभर.”

तो माझ्याकडं बघत राहिला. “कोनत्या गावचा रे तू?”

“तेल्हाऱ्याकडला.”

“तरीच.” मग त्यानं सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं, “लेका, याले पानी म्हनतात. तुमी तिकडं पेता ते जुलाबाचं औषध हाये.”

पंगत हसली. या वेळी मी हसलो नाही. एवढी प्रगती झाली होती.

वसतिगृहाकडे परतताना मात्र हिशेब मांडत गेलो. ज्यानं ते पुस्तक लिहिलं तो माणूस असल्या नळाचं पाणी पीत होता. त्यानं लबाडी केली नव्हती. त्याच्या पेल्यात जे होतं ते त्यानं लिहिलं. माझ्या पेल्यातलं मी सांगितलं. त्याचं छापलं, माझी जीभ तपासली. पुस्तक खोटं नव्हतं. पुस्तक दुसऱ्या गावचं होतं, आणि परीक्षा माझ्या गावात घेतली होती. हे एवढं समजायला मला एक जीभ, एक वर्ष आणि चिमूटभर मीठ लागलं. लोकांना लवकर समजतं म्हणतात.

साठ सालानंतर नेमणूक मिळाली. पुन्हा खारपाणपट्टाच, आमच्या गावापासून दूर, दुसरं गाव. शाळा सरकारी, पण शाळा समितीचे अध्यक्ष दादासाहेब. गावची निम्मी जमीन त्यांची, गोडी विहीर त्यांची, अकोल्यात त्यांचा मुलगा वकील. आवाज इतका मऊ की जवळ जाऊन ऐकावा लागायचा. मी तर पहिल्या भेटीत त्यांच्यावर खूषच झालो. आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, “मास्तर, पाण्याची सोय झाली ना?”

झाली होती. महारवाड्याच्या तोंडावर एक दगडी ओटा होता. सकाळी बाया आपली मडकी त्या ओट्याखाली मांडायच्या. दादासाहेबांचा गडी वरून, हात लांब ठेवून, गोडं पाणी ओतायचा. घरटी एक मडकं. पिण्यापुरतं. विहिरीच्या पायरीवर आमच्यापैकी कोणी पाय ठेवायचा नाही. शिवाशिवीविरुद्ध कायदा होऊन वर्षं झाली होती, पण कायदा अमरावतीच्या नळासारखा, तिकडच्या तिकडे वाहायचा. मी मास्तर म्हणून माझं मडकं रांगेत पहिलं. त्याचासुद्धा मला थोडा अभिमान होता, आता काय लपवायचं.

मग दादासाहेबांनी विहिरीवर इंजिन बसवलं. केळीची बाग लावली. खारपाणपट्ट्यात केळी, लांबलांबून लोक बघायला आले. इंजिन सकाळी सुरू व्हायचं ते अंधार पडेपर्यंत. ठक्, ठक्, ठक्. शाळेत पाढे त्याच ठेक्यावर म्हटले जायचे. उन्हाळा लागला, शेतं भेगाळली, भेगांमध्ये कोंबडीची पिल्लं पडायला लागली, आणि खालून ते ठक्-ठक् पायाला जाणवायचं. ते बंद झालं की पोरं दचकून वर बघायची.

एप्रिलात चौथीची परीक्षा. शास्त्र तोंडी. अमरावतीहून निरीक्षक येणार, शेजारी दादासाहेब बसणार, हेडमास्तर उभे राहणार आणि मी प्रश्न विचारणार. पाण्याचे गुणधर्म सांगा, हा प्रश्न ठरलेला. मी तो बदलला. फार दिवस मनात होतं. माझा प्रश्न असा: आपल्या गावात गोडं पाणी आणि खारं पाणी चव न घेता कसं ओळखाल?

चव न घेता. त्यात माझी मेख होती. गोड्या विहिरीचं पाणी मनासारखं चाखायची मुभा वर्गातल्या अर्ध्या पोरांना नव्हती. डोळे, नाक आणि हात सगळ्यांना सारखे होते. निदान एका प्रश्नापुरती सगळी पोरं एका पायरीवर बसतील, असा माझा बेत. बेत झकास होता. त्यात फक्त दादासाहेब कुठं बसलेत, हे मी धरलं नव्हतं.

त्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला होता.

निरीक्षक तरुण होते, उत्साही. प्रश्न ऐकून खुर्चीत पुढं सरकले. “नवीन कल्पना आहे. विचारा, विचारा.”

दादासाहेबांच्या भावकीतला एक पोरगा उठला. “गुर्जी, खाऱ्या पान्यावर नवा बैल नेला का तो तोंड फिरवते. आमचा जुना बैल पेते, त्याले अक्कल नाई.” सगळे हसले, निरीक्षकही हसले. दुसरा म्हणाला, साबणाला फेस येत नाही. तिसऱ्यानं सांगितलं, मडक्याला बाहेरून पांढरं फुटतं. माझी छाती इस्त्रीच्या सदऱ्यात मावेना.

मग वच्छी उठली. वच्छला. महारवाड्यातल्या किसनची मुलगी, वस्तीतून चौथीपर्यंत टिकलेली एकटीच पोरगी. तिची आई दादासाहेबांच्या केळीत कामाला जायची. पोरगी दुपारी भाकर द्यायला जायची आणि येताना पाटाचं पाणी घागरीत घेऊन यायची.

“गुर्जी, डाळीवरून समजते,” ती म्हणाली. “सकाळी इंजिन लागते तवा पाटाचं पानी आनलं तर डाळ शिजते. सांजच्या पान्यात नाई शिजत. एकाच चुलीवर, एकाच डाळीचं पाह्यलं मी.”

निरीक्षकांनी मान डोलावली. आणि मी, शहाणा, म्हणालो, “अजून सांग.”

“केळीवरून बी समजते. पानाची कड जळते. आधी पाटाजवळची नव्हती जळत. आता जळून राहिली. पाटाच्या काठाले पांढरं बी फुटलं. पानी वरवरचं गोड हाये, उपसलं का खालचं खारं वर येते. दादासाहेबायची इहीर खारी होऊन राहिली, गुर्जी.”

“शाब्बास,” मी म्हणालो. मोठ्यानं. एकट्यानं.

बाहेर इंजिन चालू होतं. मी दादासाहेबांकडे पाहिलं. ते हसत होते, म्हणून मीही हसलो. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, “पोरी, आमच्या विहिरीवर चढली होतीस का?”

“नाई जी.”

“मग पाणी कसं समजलं?”

“डाळीवरून सांगतलं ना.”

“चाखल्याशिवाय समजत नाही कोणाला.” ते निरीक्षकांकडे वळले. “बघा साहेब. शाळेत हे शिकवतात. आमच्या विहिरी बाटवायचं.”

निरीक्षक खुर्चीत मागं सरकले. जेवढे पुढं आले होते तेवढेच. घड्याळ बघून म्हणाले, “कल्पना चांगली आहे, पण… हेडमास्तर, पुढचा विद्यार्थी घ्या.” त्यांचं जेवण दादासाहेबांकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याखाली मडकी मांडलेली राहिली. निरोप आला की ओतणारा गडी आजारी आहे. दुपारी तोच गडी डोक्यावर पेंढी घेऊन आमच्या समोरून गेला. त्याच्या पुढच्या दिवशी तसंच. कोणी धमकी दिली नाही. कोणी आवाज चढवला नाही. कोणी काही बोललंच नाही. फक्त मडकी कोरडी, आणि तिकडं ठक्, ठक्. वच्छीच्या आईला मुकादमानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

हेडमास्तर अकोल्याचे. शनिवारी घरी जाणारी पापभीरू माणसं असतात तसे. त्यांनी मला बाजूला घेतलं. “मास्तर, शास्त्रात तिला शून्य टाका. उत्तर चूक होतं आणि पोरगी विहिरीवर चढली होती, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या. मिटलं.”

“शास्त्रात नापास म्हणजे चौथी नापास, सर. तिचा बाप पुन्हा शाळेत पाठवणार नाही तिला.”

“अहो, मग? तिला काय कलेक्टर व्हायचंय? आणि तुम्हाला तरी नोकरी नको आहे का?”

नोकरी मला हवी होती. ती नको असा आव आणून मी आता तुम्हाला फसवणार नाही. मी म्हणालो, “बघतो.” माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे ह्या शब्दानं सुरू झालेत.

सांज पडताना किसन माझ्या खोलीवर आला. मागं वच्छी. किसन दारातच बसला. मी आत ये म्हणालो, तो आला नाही.

“मास्तर, पोरीले नापास करा.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“करा जी नापास. वाड्यात लेकरं खारं पेऊन राहिली. वांत्या करून राहिली. बाया माह्या बायकोले बोलत नाईत. एका पोरीच्या पासापायी सारा वाडा तहानला ठेवू का मी? तिले मी सांगतलं, चढली होती म्हन. चुकलं म्हन. पानी तरी भेटन.”

माझ्याकडं भाषण तयार होतं. नागपूरच्या दीक्षेनंतर मी सभांमधून बरंच ऐकलं होतं, मोठमोठे शब्द जमवून ठेवले होते. त्यातला एकही तोंडातून निघेना. तहानलेल्या माणसाला स्वाभिमान सांगायचा म्हणजे स्वतःचं मडकं भरलेलं पाहिजे. माझं पण कोरडं होतं. आणि खरं सांगू, मला थोडं हलकं वाटलं. बापच म्हणतोय म्हटल्यावर शून्य टाकलं तर दोष माझा नाही. मी मनातल्या मनात शून्य काढलंसुद्धा.

तेवढ्यात वच्छी बोलली. बापाशी बोलली, माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

“बाबा, ते पानी आता आपल्या इहिरीसारखंच होऊन राहिलं. सांजचं तर आपल्याहून खारं. त्याच्यापायी काहून नापास होऊ मी?”

किसननं मान वर केली.

“आईले इचार. तिनंच डाळ टाकली होती.”

किसन खाली मान घालून बसला. मग उठला, धोतराची धूळ झटकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “पोट्टी खोटं नाई बोलत.” एवढंच. पास करा म्हणाला नाही. नापास करा हे पुन्हा म्हणाला नाही. पोरीला घेऊन गेला.

मी दारातच उभा राहिलो. दादासाहेबांनी कोरडा ओटा दाखवून आम्हाला भीती घातली होती. ज्या पाण्यासाठी आम्ही वाकणार होतो ते पाणी होतं कसलं, हे आमच्यात फक्त एका पोरीनं तपासलं होतं. आम्ही सगळे, मी धरून, नुसत्या गोड्या विहिरीच्या नावाला भ्यालो होतो. पाणी कोणी बघितलं नव्हतं. मला माझीच चीड आली. ती थंड होती. पहिल्यांदा थंड.

निकाल शाळेच्या ओसरीवर वाचला जायचा. दादासाहेब खुर्चीत. हेडमास्तरांनी निकालपत्रक माझ्या हातात दिलं, वर्ग माझा होता. त्यांनी डोळ्यांनी विचारलं. मी बघितलं नाही.

“मास्तरांनी विचार केला असेल,” दादासाहेब म्हणाले.

“केला.”

वाचत गेलो. वच्छीचं नाव आलं. “वच्छला किसन. शास्त्र…” आणि आवाज फाटला. कोंबडीचं पिल्लू ओरडावं तसा. भावकीतली पोरं खुसखुसली. असल्या वेळी माणसाचा घसा तरी त्याच्या बाजूनं असावा, पण माझा नव्हता. मी थांबलो. खाकरलो. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी मोठ्यानं.

“वच्छला किसन. शास्त्र, पैकीच्या पैकी. पास.”

“मास्तर,” दादासाहेब म्हणाले, “ते उत्तर चूक आहे.”

“तुमी डाळ शिजवून पाहिली का जी?”

माझ्या तोंडून वऱ्हाडी निघाली. शाळेत ती मी कधी बोलत नसे.

दादासाहेब उठले. “बरं,” म्हणाले. मऊ. चप्पल घातली आणि गेले. मला आजवर कोणी शिव्या दिल्या असतील, छड्या दिल्या असतील, पण त्या ‘बरं’इतकं भ्यालो नाही कशाला.

पुढचं सांगतो, पण त्यात विजय शोधू नका. ओटा कोरडाच राहिला. वच्छीच्या आईला गावात काम मिळालं नाही, ती दूरच्या गावी निंदणीला जाऊ लागली. माझ्या खोलीच्या कौलांवर दगड पडले. महारवाड्यातल्या बायांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. एक म्हातारी म्हणाली, “मास्तर, तुहे मार्कं पेता येत नाईत आमाले.” वच्छी तेल्हाऱ्याला मावशीकडे राहून पाचवीला गेली. तिला पोचवायला किसन चालत गेला, माझ्या दारावरून गेला, थांबला नाही. पावसाच्या आत माझी बदली झाली. चांदूर बाजार. कारण लिहिलं होतं, प्रशासकीय.

ही गोष्ट सांगितली की लोक विचारतात, मग ती विहीर खारी झाली का? त्यांना ती खारी झालेली हवी असते. केळी वाळलेली हवी असते. म्हणजे पोरगी खरी ठरली आणि आपण निवांत झोपलो. मी सांगत नाही. पोरगी उभी राहून बोलली त्याच दिवशी खरी होती. तिनं बघितलं, शिजवलं, ताडून पाहिलं आणि सांगितलं. विहिरीला नंतर अमृत लागलं असतं तरी तिचा एक गुण कमी होत नव्हता. मालकाचं नुकसान झालं तरच आमची पोरं हुशार, ही परीक्षा मला मान्य नाही.

त्यानंतर माझ्या बदल्या होतच राहिल्या. प्रत्येक गावात मी पोरांना त्यांच्या गावचं विचारतो. हा नाला कोणत्या महिन्यात आटतो. ह्या बांधापलीकडे ज्वारी का उगवत नाही. कोणत्या झाडाखाली गुरं बसत नाहीत. पोरं सांगतात, कोणी ना कोणी खुर्चीत चुळबुळतो, आणि हेडमास्तर मला बाजूला घ्यायला येतो. मी आता बाजूला जात नाही. ‘बघतो’ म्हणत नाही. उत्तर कोणाच्या शेतातलं आहे हे बघून मी गुण देणार नाही. ज्याला चालत नसेल त्यानं मला खुशाल हलवावं. वळकटी मी हल्ली पूर्ण सोडतच नाही.